महागाई आणि चुलीपुढचा हिशेब

आपल्या स्मरणिकेत मंडळाचा अहवाल, पाककृती आणि उखाणे दरवर्षी असतातच. यंदा त्यांच्या जोडीला थोडा इतिहासही असावा, असे संपादक भगिनींनी मला सुचविले. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मी लिहिणार आहे तो मीठ, तेल आणि रॉकेल यांचा इतिहास. तो घडविण्यात आपल्यासारख्या बायकांचा मोठा वाटा आहे.

भाव भडकले की गरिबाला आधार देणे हे राज्याचे काम, ही समजूत आपल्या मुलखात जुनी आहे. आजरा पूर्वी इचलकरंजी जहागिरीत होते व ती जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अंकित होती. १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. राजर्षी शाहूमहाराजांच्या हाती कारभार येऊन तेव्हा दोन-अडीच वर्षेच झाली होती. त्यांनी दुष्काळी कामे काढली आणि स्वस्त धान्याची दुकाने उघडली. परंतु दुकानातून धान्य घरी आल्यावर ते किती तोंडांना कसे पुरवावयाचे, हा प्रश्न तेव्हाही बाईचाच होता आणि पुढेही तिचाच राहिला.

आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या भागांतील किती तरी घरे मुंबईच्या कापडगिरण्यांवर चालत. माझे वडीलही गिरणीत बदली कामगार होते. काम मिळेल त्या महिन्यात मनिऑर्डर येई, न मिळेल त्या महिन्यात नुसते पत्र. भात, नाचणी घरची असे. तेल, साखर, रॉकेल, कापड मात्र विकतचे. भाव वाढले म्हणून मनिऑर्डर वाढत नसे. मग आई काटकसर कोठे करी? सासूसासऱ्यांच्या ताटात नाही, आम्हा मुलांच्याही ताटात नाही. उरले ते तिचे स्वतःचे ताट. सर्वांची जेवणे झाल्यावर ती आंबील पिऊन उठे, आणि “मला भूकच नाही” म्हणे. अशी भूक नसलेल्या बाया तेव्हा घरोघर होत्या. महागाईचा हा हिशेब कोणत्याही सरकारी कागदावर आला नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आपल्याकडे पाऊस मूळचाच जास्त, म्हणून मराठवाडा किंवा सोलापूर-नगर भागासारखे हाल इकडे झाले नाहीत. परंतु बाजारभावाला तालुक्याची शीव नसते. रेशनवरची लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी जुन्या माणसांच्या स्मरणात अजून आहे. त्याच काळात राज्यात रोजगार हमीची योजना सुरू झाली. तिचा कायदा १९७७ साली झाला. खडी फोडावयास आणि माती वाहावयास आलेल्या मजुरांत बायकांची संख्या फार मोठी होती.

त्याच वर्षी मुंबईत एक नवी गोष्ट घडली. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे व प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर व तारा रेड्डी कम्युनिस्ट. पक्ष निरनिराळे, पण तेलाचा डबा सर्वांच्याच घरी रिकामा. चाळीचाळींतून बायका बाहेर पडल्या. हातांत ना काठी ना दगड, लाटणे आणि थाळी! ज्यांना घर सोडता येत नसे, त्या ठरल्या वेळी आपल्याच दारात थाळी वाजवीत. ज्या बाईला सासरी मान वर करून बोलण्याची सोय नव्हती, तिलाही त्या आवाजात आपला आवाज मिळविता आला. धान्य, तेल, साखर, रॉकेल रास्त भावात आणि पुरेसे मिळावे, साठेबाजांना आवर घालावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

१९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाच्या जागतिक किमती सुमारे चौपट झाल्या. १९७४-७५ या वर्षी देशातील घाऊक किमती आदल्या वर्षापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी चढल्या. दूर देशातील युद्धाची झळ अशी आपल्या चुलीपर्यंत पोहोचली.

महागाईशी झुंजण्याची दुसरी वाट गिरणगावातील खानावळवाल्या बायकांनी दाखविली. त्या दहा-वीस कामगारांचे डबे करीत. वाण्याकडून माल उधार आणीत आणि पगार झाला की पैसे घेत. संप झाला की कामगारांचे पैसे थकत, पण जेवण बंद करता येत नसे. मग दागिना गहाण पडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. आरंभी अवघ्या १४ जणींना बँकेचे कर्ज मिळाले. एकमेकींची हमी हेच त्यांचे तारण. आमच्या भागातील कितीएक पुरुष अशाच खानावळींत जेवून गावी पैसे पाठवीत असत.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, पुढाऱ्यांना तुरुंगवास घडला आणि मोर्चे थांबले. १९७७ साली मृणालताई व अहिल्याताई लोकसभेवर निवडून गेल्या. भाव मात्र पुढेही वाढतच राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांतील पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही. आमच्याकडे मनिऑर्डरीऐवजी माणसेच परत आली. त्या दिवसांत घरे तगली ती बायकांच्या मजुरीवर, दुभत्या म्हशीवर आणि परड्यातल्या भाजीवर.

मग त्या लाटण्यांनी काय साधले, असे कोणी विचारील. भाव कायमचे उतरले नाहीत, हे खरे. पण त्या आधी प्रत्येक घरातील बाई महागाई म्हणजे आपलेच नशीब समजून एकटी उपाशी राहत होती. शेजारणीचीही तीच दशा आहे, हे त्या थाळ्यांनी तिला कळविले. एकटीच्या हिशेबात फक्त तिचा घास कमी होतो. चारचौघींच्या हिशेबाला मात्र दुकानदाराला आणि सरकारला उत्तर द्यावे लागते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत वडील स्त्रीचे नाव लावण्याचे ठरविले. प्रत्येक रास्त भाव दुकानासाठी दक्षता समिती असावी व तीत स्त्रियांना योग्य स्थान असावे, हेही त्याच कायद्यात आहे. २०२४ साली राज्याने बहिणींना दरमहा १५०० रुपये देऊ केले. त्याचा आधार झालाच, पण ठरीव रक्कम भावाबरोबर चढत नाही, हे मनिऑर्डरीवर घर चालविलेल्या बायकांना वेगळे सांगावयास नको.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या वॉर्डातील दक्षता समितीत कोण आहेत, तिची बैठक होते की नाही, हे मंडळाने विचारावे. तेल, डाळ, साखर यांचे भाव दरमहा एका वहीत लिहावेत. आणि हळदीकुंकवाला जमल्यावर, कोणाच्या घरची बाई “मला भूक नाही” म्हणत आहे काय, याचीही आपुलकीने चौकशी करावी.