बुऱ्हाणपूरहून निघालेला अब्दुल्ला इसाई

बुऱ्हाणपूर म्हटले की मराठी माणसाला संभाजीराजांची 1681 सालची स्वारी आठवते. कुणाला मुमताज महल आठवते, कारण 1631 साली तिने तापीकाठच्या याच शहरात डोळे मिटले. गोव्याशी या शहराचा काही संबंध असेल असे आपल्याला सहसा वाटत नाही. आज तिथे गेलेला माणूस इतवारा भागातला जुना दरवाजा पाहतो. तो ज्या तटाचा भाग आहे तो तट 1731 साली निजामाने उभारला. आपली गोष्ट त्याच्या 130 वर्षे आधीची. तेव्हा हा तट नव्हता, पण फारुकी सुलतानांची ही राजधानी नांदती होती.

1600 साली अकबराने बुऱ्हाणपूर घेतले आणि जवळच्या अशीरगडाला वेढा घातला. त्याच्या छावणीत गोव्याहून आलेले दोन जेझुइट होते. एक पाद्री जेरोम झेवियर, म्हणजे आपल्या 'गोंयच्या सायबा'च्या नात्यातला. दुसरा बेन्तो द गोइश.

1601 च्या जानेवारीत गड पडला. जेझुइटांच्या वृत्तांतात असे आले आहे की, गडाच्या तोफखान्यावर सात पोर्तुगीज होते आणि त्यांनी इस्लाम स्वीकारलेला होता. अकबर संतापला. लढले म्हणून नव्हे, तर जन्माने ख्रिस्ती असून धर्म सोडला म्हणून! जेरोमने रदबदली करून त्यांना आपल्या ताब्यात मागून घेतले आणि ते पुन्हा ख्रिस्ती झाले. जिथे चाकरी तिथला धर्म, असा हा हिशेब. त्यांना फार दोष देण्यात अर्थ नाही. घर हजारो कोस दूर असताना आधी काही ठरवलेलेच नसेल तर माणूस वाऱ्याबरोबर वळतो.

गोइशही एकेकाळी असाच एक शिपाई होता. 1562 च्या सुमारास अझोर बेटांत जन्मलेला. 1584 साली तो गोव्यात जेझुइट संघात शिरला, मग सोडून गेला आणि 1588 साली परत आला. पाद्री होण्याची पायरी त्याने घेतली नाही, शेवटपर्यंत साधा ब्रदर राहिला. म्हणजे डगमगणे त्याला ठाऊक होते. परत येताना मात्र तो ठरवून आला असावा असे त्याच्या पुढच्या आयुष्यावरून वाटते.

1601 सालीच अकबराच्या वकिलातीबरोबर तो बुऱ्हाणपूरहून गोव्याला आला. इथे वरिष्ठांनी त्याच्यावर नवे काम सोपवले: मध्य आशियातून खुष्कीने जाऊन 'कॅथे' नावाचा देश शोधायचा. 1602 साली आग्र्याहून तो निघाला. वेष आर्मेनियन व्यापाऱ्याचा, भाषा फारसी, पण नाव घेतले 'अब्दुल्ला इसाई'. इथेच सगळे मर्म आहे. वेष बदलला तरी 'इसाई' हा शब्द त्याने नावातच गोवून घेतला. वाटेत कुणी 'तू कोण?' विचारले तर उत्तर देण्याआधीच ते दिलेले होते.

परीक्षा आल्याच. एकाने नागवी तलवार छातीला लावून पैगंबरांचे नाव घ्यायला सांगितले. आमच्या धर्मात त्या नावाचा धावा करत नाहीत, एवढेच तो शांतपणे म्हणाला. भोवतालच्या लोकांनीच त्या माणसाला हाकलून दिले. पुढे चालिस शहरात परवान्यावर इसाई असे लिहायचे का, असा प्रश्न निघाला. इथवर हेच नाव घेऊन आलो, शेवटपर्यंत हेच राहील, असे त्याने सांगितले. तेव्हा एका वृद्ध मुसलमान धर्मगुरूने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर टाकली आणि भर सभेत त्याची वाखाणणी केली. हा परक्या राजासमोरही आपल्या इसाचे नाव सांगतो, आपले लोक मात्र देश बदलला की धर्म बदलतात, अशी त्याची खंत होती. अशीरगडावरच्या सात जणांना हे शब्द किती लागू पडले असते!

11 एप्रिल 1607 रोजी चीनच्या सीमेवर सुजौ इथे गोइश वारला. कॅथे म्हणजे चीनच, हे त्याच्या प्रवासाने पक्के झाले. त्याच्या रोजनिशीचे उरलेले तुकडे आणि त्याचा आर्मेनियन सोबती इसाक याचे कथन यांवरून मातेओ रिची याने ही हकिगत जुळवली.

गोंयकाराने ही गोष्ट वाचताना आणखी एक आठवण ठेवावी. ज्या गोव्यातून गोइश निघाला, तिथे 1560 पासून इन्क्विझिशन बसले होते. त्याच काळात आपल्या पूर्वजांनी कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेली. नदी ओलांडणारी ती कुटुंबे आणि पामीर ओलांडणारा तो ब्रदर यांची दैवते वेगळी, पण निश्चयाची जात एकच. चालिसच्या त्या वृद्धाला ती ओळखता आली. गोव्याच्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना आपल्याच भूमीतल्या माणसांत ती ओळखता आली नाही, हे दुर्दैव.

तलवार छातीला लागल्यावर विचार करायला वेळ नसतो. तेव्हा तोंडून येते ते आधी ठरलेलेच. गोइशचे उत्तर लाहोर सोडण्यापूर्वीच त्याच्या नावात लिहून झाले होते.