मुंबई ते दिल्ली विमानाने किती अंतर, किती वेळ? समजून घ्या खरा हिशोब

मोबाईलवर 'मुंबई ते दिल्ली अंतर' असं सर्च केलं की दोन-तीन वेगवेगळे आकडे दिसतात. रस्त्याने सुमारे १,४०० किमी, राजधानी एक्सप्रेसच्या मार्गाने जवळपास १,३८५ किमी आणि विमानाने फक्त १,१४० किमी. मग खरा आकडा कोणता? तिन्ही खरे आहेत, फक्त मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

हवाई अंतर म्हणजे काय?

रस्ता आणि रेल्वे वळणं घेत जातात. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांमधलं सर्वात कमी अंतर. गुगल मॅप्समध्ये हे तुम्हीही मोजू शकता. एका ठिकाणी बोट दाबून धरा, पिन आली की अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि नकाशा दुसऱ्या शहरापर्यंत सरकवा.

मग तिकिटावर वेळ जास्त का?

एअरबस ए३२० सारखं विमान उंचावर ताशी साधारण ८३० किमी वेगाने जातं. या हिशोबाने दिल्ली १ तास २२ मिनिटांत यायला हवी. पण तिकिटावर २ तास १० मिनिटं किंवा त्याहून थोडी जास्त वेळ असते. त्याची कारणं अशी:

• तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं आणि तिथे रांगेत थांबणं यातच आलं.
• १०,००० फुटांखाली विमानाचा वेग साधारण ताशी ४६० किमीपेक्षा कमी ठेवावा लागतो.
• विमान ठरलेल्या हवाई मार्गानेच जातं आणि गर्दी असेल तर उतरण्याआधी घिरट्याही घालतं.

वाऱ्याचाही फरक पडतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे दिल्लीहून कोलकात्याला जाताना कमी वेळ लागतो आणि परत येताना जास्त.

सोपा फॉर्म्युला

हवाई अंतराला ८०० ने भागा आणि त्यात ४५ मिनिटं मिळवा. दिल्लीसाठी १,१४० भागिले ८०० म्हणजे सुमारे १ तास २५ मिनिटं, अधिक ४५, एकूण २ तास १० मिनिटं. हा अंदाज आहे, पण बहुतेक वेळा जवळपास जुळतो.

परदेशी तिकिटावर फसू नका

तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. समजा, मुंबईहून सकाळी १० ला निघून दुबईला ११.४० ला पोहोचाल असं लिहिलंय. प्रवास १ तास ४० मिनिटांचा वाटतो ना? पण दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे खरा प्रवास ३ तास १० मिनिटांचा.

बुकिंग करताना हे बघाच

दोन वेगळी तिकिटं काढून पुढचं विमान पकडायचं असेल तर फक्त उतरण्याची वेळ बघू नका. बॅग मिळणं, टर्मिनल बदलणं, पुन्हा चेक-इन करणं, सगळं त्यात धरा. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधीच बंद होतो. पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं, तर वेगळ्या तिकिटाचे पैसे सहसा तुमचेच जातात. म्हणून शक्यतो दोन्ही प्रवास एकाच बुकिंगमध्ये घ्या.