शालेय तपासणी यंत्रणा (महाराष्ट्र)

शालेय तपासणी यंत्रणा ही महाराष्ट्रातील शाळांचे अध्यापन, पटसंख्या, अभिलेख, हिशेब आणि भौतिक सुविधा यांची पाहणी करून शासनाला अहवाल देणारी प्रशासकीय व्यवस्था आहे. तिचा उगम मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात आढळतो. शिक्षण आयुक्त, शिक्षण संचालक, विभागीय शिक्षण उपसंचालक आणि शिक्षणाधिकारी ही तिची वरिष्ठ पदे होत. शिक्षणविषयक धोरणात मोठा बदल झाला की या पदांचे अधिकार आणि कामाचे स्वरूपही बदलत गेले आहे. तपासनीस हा शासनाचा परीक्षक असावा की शिक्षकांचा मार्गदर्शक, हा प्रश्न या यंत्रणेच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे.

इतिहास

कंपनी सरकारचा काळ

मुंबईत १८४० मध्ये शिक्षण मंडळाची स्थापना झाली. मंडळाने इलाख्याचे विभाग पाडून शाळांच्या देखरेखीची व्यवस्था केली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० च्या दशकात दक्षिण विभागातील शाळांच्या तपासणीचे काम पाहिले. या काळात शाळा थोड्या आणि अंतरे मोठी असल्यामुळे तपासणी मुख्यतः फिरतीवर अवलंबून असे.

१८५४ चा खलिता आणि शिक्षण खाते

चार्ल्स वुड यांच्या जुलै १८५४ च्या खलित्याने प्रत्येक प्रांतात स्वतंत्र शिक्षण खाते, त्याचा एक प्रमुख आणि त्याच्या हाताखाली तपासनीस नेमण्याचा आदेश दिला. त्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षण खाते अस्तित्वात आले आणि मुलकी सेवेतील क्लॉडियस जेम्स अर्स्किन हे त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्यानंतर एडवर्ड हॉवर्ड, ॲरिस्टॉटलचे अभ्यासक सर अलेक्झांडर ग्रँट, मुलकी अधिकारी जेम्स पील आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य के. एम. चॅटफिल्ड यांनी हे पद सांभाळले. या यादीवरून दिसते की प्रमुखपदी कधी प्रशासक, तर कधी अध्यापनाच्या क्षेत्रातील व्यक्ती येत असे.

विभागीय तपासनीस बहुधा युरोपीय असत, तर प्रत्यक्ष गावोगावच्या मराठी शाळा पाहण्याचे काम एतद्देशीय डेप्युटी तपासनीस आणि त्यांच्या सहायकांकडे असे. मराठी बोलीत या अधिकाऱ्याला 'दिपोटी' म्हटले जाई. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत टिळक हे ठाणे आणि नंतर पुणे येथे साहाय्यक डेप्युटी तपासनीस होते. भिवंडी हा तालुका ठाणे जिल्ह्यातच मोडतो.

निकालानुसार अनुदान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात अवलंबली गेली. तपासनीस प्रत्येक विद्यार्थ्याची परीक्षा घेई आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरे. त्यामुळे तपासनिसाच्या एका दिवसाच्या भेटीवर शाळेचे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून राहिले आणि पाठांतरास उत्तेजन मिळाले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने ही पद्धत नाकारली.

महात्मा फुले यांचे निवेदन

हंटर आयोगाला ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी असल्याचे नमूद केले. डेप्युटी तपासनिसाच्या वर्षातील एका भेटीचा फारसा उपयोग होत नाही, शाळा निदान तीन महिन्यांतून एकदा तपासल्या जाव्यात आणि काही भेटी पूर्वसूचना न देता व्हाव्यात, असे त्यांनी सुचवले. जिल्हा व गाव पातळीवरील अधिकाऱ्यांवर अनेक कामांचा भार असल्याने त्यांच्यावर या कामासाठी विसंबता येणार नाही, असेही त्यांचे मत होते. तपासणीवरील नंतरच्या टीकेतील बहुतेक मुद्दे या निवेदनात आढळतात.

स्थानिक संस्थांकडे हस्तांतर

१९२१ पासून शिक्षण हा विषय प्रांतिक मंत्र्याकडे आला. रँग्लर र. पु. परांजपे हे मुंबईचे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचे नियंत्रण मोठ्या प्रमाणावर स्थानिक संस्थांकडे गेले. हार्टोग समितीने १९२९ मध्ये या हस्तांतराच्या वेगावर टीका केली आणि तपासनिसांची संख्या व दर्जा वाढवण्याची शिफारस केली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानुसार जिल्हा शाळा मंडळे काम पाहू लागली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले.

कोठारी आयोग

डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) प्रशासन आणि शैक्षणिक पर्यवेक्षण ही कामे वेगळी करण्याची शिफारस केली. कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. बदल्या, वेतन आणि मान्यता यांत गुंतलेल्या अधिकाऱ्याला वर्गात बसून अध्यापन पाहण्यास वेळ उरत नाही, हा या शिफारशीमागील विचार होता. जवळच्या शाळांनी एकत्र येऊन शाळासमूह बनवावा, ही आयोगाची कल्पना होती. महाराष्ट्रात १९९४ मध्ये निर्माण झालेले केंद्रप्रमुख हे पद त्याच दिशेचे मानता येते.

सध्याची रचना

शालेय शिक्षण व क्रीडा विभाग मंत्रालयातून धोरण ठरवतो. अंमलबजावणीचे प्रमुख शिक्षण आयुक्त असून त्यांचे कार्यालय पुणे येथे आहे. हे पद भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याकडे असते. त्यांच्या अधिपत्याखाली प्राथमिक, तसेच माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण संचालक काम करतात. विभाग पातळीवर शिक्षण उपसंचालक आणि जिल्हा परिषदेत प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाधिकारी असतात. मुंबईत जिल्हा परिषद नसल्यामुळे शिक्षण निरीक्षक हे पद कायम राहिले आहे. तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि शाळासमूहासाठी केंद्रप्रमुख अशी उतरंड आहे.

वार्षिक तपासणीत वर्गाध्यापन, विद्यार्थ्यांचे वाचन व गणित, हजेरीपट, जनरल रजिस्टर, शिक्षकांच्या टाचणवह्या, रोकडवही, जडवस्तू नोंदवही आणि पोषण आहाराच्या नोंदी पाहिल्या जातात. अधिकारी आपला अभिप्राय शेरेपुस्तकात लिहितो. मागील शेऱ्यांची पूर्तता झाली की नाही, हे पुढील भेटीत तपासले जाणे अपेक्षित असते.

भिवंडीतील स्थिती

यंत्रणेची विभागणी भिवंडीसारख्या शहरात स्पष्टपणे जाणवते. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांची देखरेख महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, शहरातील खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांची तपासणी ठाणे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तर शहराबाहेरील जिल्हा परिषद शाळांची जबाबदारी भिवंडी पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे येते. यंत्रमाग उद्योगामुळे येथे देशाच्या अनेक भागांतून कामगार कुटुंबे आली आहेत. धामणकर नाक्याजवळील पद्मानगर भागात तेलुगू भाषक विणकर समाजाची मोठी वस्ती आहे. शहरात मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा आढळतात. माध्यमाची भाषा न जाणणारा अधिकारी नोंदवह्या तपासू शकतो, परंतु मुलाचे वाचन पारखू शकत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची शाळा मध्येच सुटत असल्याने पटावरील संख्या आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांची पडताळणीही येथे महत्त्वाची ठरते.

पटपडताळणी

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी विशेष पटपडताळणी करण्यात आली. एक विद्यार्थी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. पटावर नाव असलेले लाखो विद्यार्थी प्रत्यक्षात आढळले नाहीत. ही मोहीम जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली, महसूल व इतर खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी पार पाडली. त्यामुळे दरवर्षी होणाऱ्या नियमित तपासणीत ही तफावत का उघड झाली नाही, हा प्रश्न चर्चेत आला.

अलीकडील सुधारणा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर तपासणीत भौतिक सुविधांच्या निकषांना महत्त्व आले. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाने प्रत्येक मूल शिकते आहे की नाही याकडे लक्ष वळवले. 'शाळा सिद्धी' या राष्ट्रीय आराखड्यात शाळेने प्रथम स्वयंमूल्यमापन करावे आणि नंतर बाह्य मूल्यमापन व्हावे, अशी पद्धत आहे.

२९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने धोरण आखणे, शाळा चालवणे, मानके राखणे आणि शैक्षणिक बाबी ही चार कामे वेगवेगळ्या संस्थांकडे देण्याचे सुचवले आहे. मानकांसाठी राज्य शाळा मानक प्राधिकरणाची तरतूद त्यात आहे. शाळा चालवणाऱ्यानेच तिचा दर्जा ठरवू नये, हे या मांडणीचे सूत्र आहे. शासकीय आणि खाजगी शाळांना समान निकष लावण्याचेही धोरणात म्हटले आहे.

टीका

शिक्षणाधिकारी व गटशिक्षणाधिकारी यांचा बराच वेळ बैठका, न्यायालयीन प्रकरणे, शिक्षकांचे समायोजन आणि माहिती संकलनात जातो, ही टीका सातत्याने होते. केंद्रप्रमुख व विस्तार अधिकाऱ्यांची पदे रिक्त राहिल्यास एकाच अधिकाऱ्याकडे अनेक केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार येतो आणि शाळाभेटी कमी होतात. पूर्वसूचना देऊन केलेल्या तपासणीत शाळेची नेहमीची स्थिती दिसत नाही, तर अचानक भेटींमुळे शिक्षकांत भीतीचे वातावरण निर्माण होते, असे दोन्ही बाजूंचे आक्षेप आहेत. ऑनलाइन नोंदींमुळे माहिती लवकर मिळू लागली असली, तरी वर्गातील अध्यापन पाहण्याला त्या पर्याय ठरत नाहीत, असे शिक्षक संघटना व अभ्यासक यांचे म्हणणे आहे.

हेही पहा

वुडचा खलिता
हंटर आयोग
कोठारी आयोग
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
भिवंडी