सातपुडा : दोन नद्यांच्या मधला डोंगर

धडगावला जाताना घाट संपतच नाही, बरोबर ना? कारण सातपुडा दोन खचदऱ्यांच्या मध्ये उभा आहे. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी. दोन्हीकडची जमीन खचली, मधली उंच राहिली. म्हणूनच या नद्या पश्चिमेला वाहतात. वरचा काळा खडक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. उतारावर माती पातळ. सुपीक गाळ खाली, नर्मदेकाठी. आणि सरदार सरोवराचं पाणी नेमकं तिथंच चढलं! अक्राणी-अक्कलकुव्यातली ३३ गावं बाधित झाली. १९९९ साली डोमखेडीत लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. नकाशात डोंगर आजही तसाच दिसतो. पण काठ बुडाला, की नुसत्या डोंगरावर पोट कसं भरायचं? विचार करा. भेटू पुढच्या भागात!