अपुऱ्या दिवसांच्या बालकांची शुश्रूषा आणि पालकांचा सहभाग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या शुश्रूषेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु बालकाला जगविण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेने त्याच्या आईला आधी दाराबाहेर ठेवले आणि तिला पुन्हा आत घेण्यास अनेक दशके लागली, ही या इतिहासाची दुसरी बाजू होय. प्रस्तुत लेखात तिचा आढावा घेतला आहे.

यंत्राचे आगमन व मातेची ताटातूट

१८८० च्या सुमारास पॅरिसमधील मातेर्निते रुग्णालयात स्तेफान तार्निए यांनी इन्क्युबेटरचा वापर सुरू केला. त्यांचे शिष्य पिएर ब्युदाँ यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, बाळापासून दूर राहिलेल्या मातेची ओढ ओसरू लागते असे नोंदवून मातेची भेट व स्तनपान यांचा आग्रह धरला. हा इशारा पुढे मागे पडला. जंतुसंसर्गाच्या भीतीमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक पाश्चात्त्य रुग्णालयांत पालकांना बाळ काचेआडूनच पाहता येई. १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मातांना कक्षात प्रवेश देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात संसर्गाचा धोका वाढल्याचे आढळले नाही.

बोगोटा : अभावातून आलेली पद्धती

यापुढील वळण कोलंबियातून मिळाले. बोगोटा येथील माता-बाल रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे होते, गर्दी व संसर्ग मोठा होता आणि बालकांना सोडून जाण्याचे प्रकारही घडत. १९७८ मध्ये एदगार रे सानाब्रिया यांनी, व पुढे एक्तोर मार्तिनेस यांनी, बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून उभे बांधणे, स्तनपान, लवकर घरी पाठवणी आणि नियमित तपासणी अशी पद्धती रूढ केली. हीच ‘कांगारू मदर केअर’ होय. तिच्या यशाचे आरंभीचे दावे अतिरंजित होते. जन्मानंतर लगेच दगावलेली बालके त्या हिशेबात धरली नव्हती, अशी टीका १९८५ मध्ये झाली. या टीकेमुळे काटेकोर चाचणीची गरज स्पष्ट झाली, हे महत्त्वाचे.

विकासाचा पुरावा

नताली शारपाक यांच्या गटाने १९९३ ते १९९६ या काळात बोगोटातच ७४६ बालकांची यादृच्छिक चाचणी केली. त्यांपैकी कमी वजनाच्या २६४ जणांची सुमारे २० वर्षांनी पाहणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कांगारू गटात शाळेतील गैरहजेरी, अतिचंचलता व आक्रमकता कमी होती. पालकही अधिक जपणारे होते. बुद्ध्यंकातील लाभ मात्र अल्प होता. म्हणजेच लाभ केवळ उबेपुरता नव्हता. घराचे वळणही बदलले होते.

भारतातील वाटचाल

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील २०६ बालकांची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. कांगारू गटातील बाळांचे वजन दररोज सरासरी सुमारे २४ ग्रॅम, तर तुलनागटात सुमारे १६ ग्रॅम वाढले. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवजात शुश्रूषेतील कुटुंबाच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील चाचणीचे निष्कर्ष आले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धती सुरू केल्यास २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईची खाट बाळाच्याच अतिदक्षता कक्षात ठेवावी लागली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तशी शिफारस केली.

निष्कर्ष

पालकांचा सहभाग हा यंत्राला पर्याय नाही, तसेच तो रुग्णालयाने दाखविलेला जिव्हाळाही नाही. तो उपचाराचाच भाग आहे, असे या शतकभराच्या अनुभवावरून दिसते. हे तत्त्व मान्य करूनही बांधकामाच्या आराखड्यात आईच्या खाटेला जागा नसेल, तर ती पुन्हा भेटीच्या वेळेपुरतीच उरेल. सहभागाच्या धोरणाची खरी परीक्षा तेथेच आहे.