चुलीतील अग्निनियंत्रण : जालना जिल्हा

चुलीत जळणाऱ्या इंधनाला किती हवा मिळावी, ज्वाळा भांड्याला कोठे लागावी आणि धूर कोणत्या वाटेने बाहेर पडावा, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस अग्निनियंत्रण म्हणता येईल. जालना जिल्ह्यातील हिवाळा कोरडा व अल्पकाळचा असल्याने घर उबदार ठेवण्याची स्वतंत्र यंत्रणा येथे रूढ झाली नाही. स्वयंपाक, स्नानाचे पाणी व थंडीतील पहाटेची ऊब ही तिन्ही कामे बहुतेक ग्रामीण घरांत चुलीनेच केली. त्यामुळे घरगुती तापनाच्या जुन्या साधनात झालेल्या सुधारणांचा येथील इतिहास हा प्रामुख्याने चुलीचा इतिहास आहे.

पारंपरिक चूल : तीन बाजूंना मातीची भिंत, समोर मोकळे तोंड, माथ्यावर भांडे टेकण्यासाठी उंचवटे आणि अनेकदा शेजारी वैल, अशी या चुलीची रचना असते. विस्तव कमीजास्त करण्याचे उपाय तीनच : सरपण आत सारणे, ते बाहेर ओढणे आणि फुंकणीने हवा घालणे. तळाशी जाळी नसल्याने इंधनाला खालून हवा मिळत नाही. उलट रुंद तोंडातून गरजेपेक्षा जास्त थंड हवा शिरून ज्वाळेचे तापमान उतरते. इंधनातून निघणारे ज्वलनशील वायू पुरते न जळता धूर व कार्बन मोनॉक्साइड यांच्या रूपाने स्वयंपाकघरात पसरतात. अशा चुलीत इंधनातील उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो, असे सामान्यतः मानले जाते. याउलट स्नानाच्या पाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या बंबात जाळी, मधली नळी व विस्तवाभोवती पाणी अशी योजना असल्याने उष्णता कमी वाया जाते. परंतु बंब ही ऐपतदार घरांतील वस्तू होती.

जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या व गोवऱ्या हेच मुख्य जळण होय. पऱ्हाट्या भराभर जळून जातात व सतत पुढे साराव्या लागतात. म्हणजेच येथील चुलीचे नियंत्रक यंत्र म्हणजे चुलीपुढे बसलेली स्त्री होती आणि त्या कामाची किंमत तिचे डोळे व फुप्फुसे यांनी चुकविली.

सुधारणेचे प्रयत्न : वर्ध्याच्या मगनवाडीतील ग्रामोद्योगाच्या कार्यातून 1947 च्या सुमारास धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी निर्धूर चूल विकसित केली व तिची माहिती देणारे त्यांचे पुस्तक 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी जालना हे हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होते. या परंपरेतील चुलींत बंदिस्त अग्निकक्ष, एका विस्तवावर दोन किंवा अधिक भांडी आणि धुराडे ही अंगे होती. काही रचनांत धूरमार्गात सरकती झडपही असे. विस्तव पेटेपर्यंत ती उघडी ठेवावयाची व नंतर अंशतः लोटावयाची, हे तिचे तंत्र. ती सताड उघडी राहिली, तर उष्णता धुराड्यावाटे निघून जाते; फार लोटली, तर धूर घरात परततो.

1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, 1983 मध्ये, केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. सरपणाची बचत व धूरमुक्ती ही त्याची दुहेरी उद्दिष्टे होती. 2002 मध्ये केंद्रीय कार्यक्रम थांबून जबाबदारी राज्यांकडे जाईपर्यंत देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्याची नोंद झाली. तथापि बसविलेल्या चुलींपैकी वापरात राहिलेल्यांचे प्रमाण पुष्कळच कमी होते.

मर्यादा : या अपयशाची कारणे रोजच्या वापरात सापडतात. लांब पऱ्हाट्या तोंडातून बाहेर राहत असल्याने हवा रोखणारे दार लावता येत नाही. त्या तोडून घालणे हे वाढीव कष्टाचे काम ठरते. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावरून काढून तोंडापुढच्या निखाऱ्यांवर शेकण्याची रीत अरुंद तोंडाच्या चुलीत जमत नाही. भांड्याचा आकार भोकाशी न जुळल्यास फटीतून धूर येतो, तर काजळी न काढल्यास धुराडे तुंबते. झडपेचा उपयोग वापरणाऱ्या स्त्रीला समजावून दिला नाही, तर ती एकाच जागी अडकून राहते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने (स्थापना 1996) साच्यातून घडविता येणाऱ्या ‘लक्ष्मी’सारख्या चुली तयार केल्या. चूल बांधणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेली मापे साच्यामुळे निश्चित होतात, हा त्यांचा विशेष होय.

1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकाचा गॅस देशातील ग्रामीण भागातील असंख्य घरांत पोहोचला. गॅसच्या शेगडीवर कळ फिरविताच ज्योत कमीजास्त होते. जे काम फुंकणी व झडप यांनी अपुरे केले, ते तेथे सहज साधते. तरीही सिलिंडरचा खर्च आणि शेतातील फुकटचे जळण यांमुळे स्नानाचे पाणी तापविण्यासाठी व भाकरीसाठी गॅस असलेल्या अनेक घरांतही चूल पेटते. धूर कमी करावयाचा, तर या उरलेल्या चुलीचाही विचार करावा लागतो. जुन्या साधनाला नवे नियंत्रण जोडताना ते स्थानिक जळण, अन्न व वापरणारीचे श्रम यांच्याशी जुळले, तरच टिकते, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.