बेडी तुटली, पण वही मालकाच्याच हाती राहिली

अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्यांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. पण कायद्याने बेडी तुटली म्हणजे गुलाम मुक्त झाला का? मिसिसिपी राज्याचा इतिहास पाहा.

तेथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. तरीही १८९० च्या राज्यघटनेने दोन डॉलरचा मतदान कर आणि घटनेचे कलम वाचून किंवा ऐकून अर्थ सांगण्याची अट घालून त्यांचे मत हिरावले. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा अधिकारी गोरा! जमीन मळेवाल्याची. कापूस निम्म्या वाट्याने पिकवायचा आणि धान्य-कापड मळ्याच्या दुकानातून उधार घ्यायचे. हिशेबाची वही मालकाकडे, म्हणून वर्षअखेरीस बहुतेकांच्या नावावर कर्जच उरे.

१९०७ नंतर बोंडे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने पिके बुडवली. पुढे महायुद्धामुळे युरोपातून मजूर येणे थांबले आणि शिकागोच्या कारखान्यांना माणसे हवी झाली. हजारो कुटुंबे उत्तरेला निघाली. तेव्हा त्यांना रेल्वे स्थानकांवर अडवण्यात आले. ज्यांना रोज हीन म्हटले, ते निघून जाताच मालकांना घाम का फुटला? कारण मळा त्यांच्याच घामावर उभा होता.

उत्तरेतही वंशभेद होताच. पण तेथे रोख मजुरी होती, मत होते. त्याच मतांवर १९२८ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोतून अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडत होते. देश दोन, पण प्रश्न एकच: श्रम आमचे, मग वही कोणाच्या हाती?

जय भीम!